योहान केल्डाल : खताची परीक्षा घेणारा माणूस

आमच्या आसगावात धानाची रोवणी झाली की युरियासाठी धावपळ सुरू होते. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. पण ते खरंच आहे का, हे नुसतं बघून कळत नाही.

ते मोजायची पद्धत केल्डाल यांनी दिली. जन्म १८४९, डेन्मार्क. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत त्यांना बिअरच्या धान्यातली प्रथिनं मोजायची होती. १८८३ मध्ये त्यांनी मार्ग काढला : नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, अल्कली घालून अमोनिया बाहेर काढायचा आणि टायट्रेशन करायचं. १९०० मध्ये ते वारले. खताच्या लॅबमध्ये ही पद्धत आजही चालते.

मित्रांनो, ब्युरेटमधून थेंब जास्त पडला तर चालतंय म्हणू नका. त्या आकड्यावर कुणाचं तरी पीक उभं असतं.