मला उमगलेले दादासाहेब फाळके

मंडळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा अध्यक्षबाईंनी प्रत्येकीला एकेका थोर व्यक्तीचं नाव घ्यायला सांगितलं. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी ही नावं पहिल्या पाच मिनिटांतच संपली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी दादासाहेब फाळक्यांवर लिहीन. दोघी-तिघी हसल्या. महिला मंडळाच्या पुस्तकात सिनेमावाल्याचं काय काम, असं त्यांना वाटलं असणार. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. तेव्हा लिहिण्यात काही उणंअधिक झालं तर मैत्रिणींनी ते पोटात घालावं.

पाथर्डी फाट्यावरून पुढे गेलं की पांडवलेण्यांचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक. आपल्या इंदिरानगरच्या बायकांना ते काही नवं नाही. मुलं लहान होती तेव्हा पाहुण्यांना घेऊन मी कितीदा तरी तिकडे गेले असेन. पण डबा उघडायचा, पुऱ्या वाटायच्या आणि धाकटा पाण्याकडे धावत नाही ना ते बघायचं, यापलीकडे माझं लक्ष नव्हतं. हा फाळके नावाचा मनुष्य आपल्याच नाशिक जिल्ह्यातला, इथेच राहिला, इथेच गेला, हे मला गेल्या वर्षी वाचनालयातून आणलेल्या चरित्रातून कळलं.

त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. शास्त्र्यांचा मुलगा शास्त्री व्हायचा, पण या मुलाच्या हाताला चित्राचा नाद. १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रं, फोटो, छपाई, नाटकाचे पडदे, काय काय शिकला त्याला गणती नाही. जादूसुद्धा शिकला आणि स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा या नावानं प्रयोग करू लागला! अशा माणसाला आपल्याकडे एका धड कामावर न टिकणारा म्हणतात. माझ्या सासूबाईंच्या तोंडी यापेक्षाही कडक शब्द आला असता.

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेलं. १९०२ साली दुसरं लग्न झालं. मुलगी करंदीकरांची गिरिजा, सासरी आल्यावर सरस्वती. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. पण ते स्वदेशीचे दिवस, नोकरीत मन रमेना. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला आणला. १९०९ साली ते जर्मनीला जाऊन यंत्रं घेऊन आले. छापखान्याचं नाव झालं, आणि नेमकं तेव्हाच भागीदारांशी बिनसलं. दादासाहेब अंगावरच्या कपड्यांनिशी उठावं तसे उठून बाहेर पडले. वय चाळिशीचं, पदरात लहान मुलं, मिळकत शून्य.

सगळे लिहितात ते यापुढचं. गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे आपले राम आणि कृष्ण चालायला लागले. मग ध्यास लागला. मिळेल तो चित्रपट पाहायचा, मिळेल ते पुस्तक वाचायचं. झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं, आणि डॉक्टरांच्या उपचारानं नजर कशीबशी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला विलायतेची बोट गाठली. तिथे सेसिल हेपवर्थ नावाच्या चित्रपट काढणाऱ्या गृहस्थांनी आपला कारखाना त्यांना दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची व्यवस्था करून दादासाहेब दोन महिन्यांत परत आले.

मी हे वाचत होते ते स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आणि वाचता वाचता माझं लक्ष दादासाहेबांवरून उठून सरस्वतीबाईंवर गेलं. नवरा बोटीत बसला तेव्हा या बाईनं घरात काय शिजवलं असेल? वाण्याला काय सांगितलं असेल?

आता मी हे नाव का घेतलं ते सांगते. बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी नोकरी सोडून अंबड भागात एका भाड्याच्या शेडमध्ये लेथ मशीन टाकलं. त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या. मी आनंदानं दिल्या, खोटं बोलत नाही. दोन वर्षं बरं चाललं. मग ज्या मोठ्या कारखान्याचं काम यायचं तो बंद पडला, शेडचं भाडं थकलं, मशीन विकलं, आणि पाटल्यांचा लिलाव झाला. हे पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागले. भांडण झालं नाही. त्या दिवसापासून घरात लेथ हा शब्द कोणी काढत नाही, इतकंच. भिशीचे पैसे जमवून मी गेल्या वर्षी दोन बारीक बांगड्या केल्या. आणि आमचा थोरला, आय.टी.आय. झालेला, तीन वर्षं दुसऱ्याकडे मशीन चालवणारा, या उन्हाळ्यात मला हळूच म्हणाला की बांगड्या ठेवल्या तर एक जुनं लेथ मिळतंय. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात मी फाळक्यांचं पुस्तक आणलं होतं.

सरस्वतीबाईंनीही दागिने दिले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याआधी एक गोष्ट घडली, ती मला फार मोलाची वाटते. कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा कोण देणार? दादासाहेबांनी भाषणं केली नाहीत. एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं चित्रण, असं महिन्याहून अधिक. त्याची जेमतेम मिनिटाभराची फिल्म झाली. पडद्यावर कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल चढतो. ती पाहिल्यावर पैसे द्यायला माणसं पुढे आली. महिनाभर एका कुंडीपुढे बसणं! आपण डाळ भिजत घातली तर चार तासांत तीनदा झाकण काढून बघतो.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. तारामती व्हायला बाई मिळेना. सिनेमात तोंड रंगवणं म्हणजे अब्रू घालवणं, असा तो काळ. शेवटी एका खाणावळीत काम करणारे साळुंके नावाचे गृहस्थ तारामती झाले. मंडळींना घरी सांगता यावं म्हणून दादासाहेबांनी युक्ती काढली, की आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असं सांगायचं. याच नावाचा मराठी चित्रपट २००९ साली निघाला, तो पुष्कळ जणींनी पाहिला असेल. खरी फॅक्टरी मात्र सरस्वतीबाईंची. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. कपडे त्याच धूत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची, ती रात्री अंधारात बसून यंत्रावर भोकं पाडायची. रसायनं मिसळायची, फिल्म धुवायची. हे सारं त्या शिकल्या. आपले दागिने कशात गेले हे त्या बाईला वितावितानं माहीत होतं.

इथे मी पुस्तक मिटून बसले. बारा वर्षांपूर्वी मी पाटल्या दिल्या, पण त्या शेडमध्ये मी किती वेळा गेले? पूजेच्या दिवशी एकदा. काम कोणाकडून येतं, त्यातलं किती हातात राहतं, एकाच कारखान्याच्या जिवावर सगळं आहे का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्याग केला म्हणून मी मोठी झाले आणि ओझं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहिलं.

दादासाहेबांचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांचा मुलगा भालचंद्र हरिश्चंद्राचा रोहिदास झाला होता. चित्रण चालू असताना तो दगडावर पडला आणि डोक्याला खोक पडून रक्त आलं. पुढचा प्रसंग रोहिदास मेल्याचा होता, निपचित पडण्याचा. दादासाहेबांनी पोराला घरी न नेता तो प्रसंग उरकून घेतला. आई म्हणून मला हे वाचवलं नाही. ध्येय ध्येय म्हणतात त्याचं हेही एक तोंड आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. दादासाहेब तेव्हा ४३ वर्षांचे होते. मला हे वर्ष चव्वेचाळिसावं. त्याच वर्षी ते नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे होऊ लागले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये प्रथमच बायकांनी कामं केली, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. या कमलाबाई म्हणजे नट विक्रम गोखले यांच्या आजी. १९१७ साली ‘लंकादहन’ आला, त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता! त्याची मद्रासची मिळकत पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली.

उतारही लवकर आला. नाशिकला मोठ्या भांडवलाची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि इथेही भागीदारांशी पटेना. छापखान्यात झालं तेच पुन्हा. ते रागावून काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिलं, काही वर्षांनी परत आले. तोवर पुष्कळ पुढे गेले होते. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना सरला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा जगानं त्यांची फारशी आठवण ठेवली नव्हती. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. इतका पैसा हातातून गेला आणि म्हातारपणी हाती काही उरलं नाही. यश मिळवणं आणि ते सांभाळणं ही दोन वेगळी कामं असावीत. दुसरं काम त्यांना जमलं नाही, आमच्या ह्यांनाही नाही. दोघांतलं तेवढंच साम्य मला सापडलं, ते मी ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले. लेथ गेल्यानंतर त्या विषयावर पहिल्यांदाच हसले.

थोरल्याला मी सांगितलं, आधी तुझा वाटाण्याचा वेल दाखव. त्याला काही कळेना. मग कुंडीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, मशीन नंतर. संध्याकाळच्या वेळात कोणाचं तरी मशीन तासावर घे, एका गिऱ्हाइकाचं छोटं काम स्वतःच्या जबाबदारीवर कर, आणि पैसे रोख घेऊन ये. मला बघू दे. तो जरा खट्टू झाला. त्याला वाटलं, आई टाळतेय.

दीड महिन्यानं, मागच्या रविवारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पितळेचे सहा बुश त्यानं स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवले. पन्नासांतले हे सहा दाखवायला आणले होते, बाकीचे पोचते झाले होते, पैसेही आले होते. मला त्यातलं काही कळत नाही. चकचकीत दिसत होते, एवढंच. हे बाहेर पेपर वाचत होते. काही न बोलता उठले, कपाटाच्या वरच्या खणातून जुना व्हर्निअर काढला, चष्मा लावला आणि एकेक बुश मोजायला लागले. चौथा त्यांनी दोनदा मोजला. थोरला दाराला टेकून उभा होता. मी भाजीचा हिशेब लिहिते ती वही ओढली, कोरं पान काढलं, आणि विचारलं, पितळ किती लागलं आणि कोणत्या भावानं आणलंस ते आधी सांग.