स्पिटफायर ते बाबागाडी

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात चरित्रलेख म्हटला की नावं ठरलेली असतात. विश्वेश्वरय्या, टेस्ला, एडिसन, कलाम सर. यात वाईट काहीच नाही, पण या सगळ्यांबद्दल आपण शाळेपासून वाचत आलोय. यंदा एक वेगळा माणूस निवडला आहे. त्याची ओळख करून देताना रूममेट्स हसले, कारण या गृहस्थाने आयुष्याच्या उत्तरार्धात काय बनवलं, तर बाबागाडी!

नाव ओवेन फिन्ले मॅक्लारेन. फॉर्म्युला वनवाला मॅक्लारेन तो वेगळा. त्याचं नाव ब्रूस, आणि तो न्यूझीलंडचा. आपले हे मॅक्लारेन इंग्लंडचे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेले, म्हणजे विमानापेक्षा थोडेसेच लहान. विमान वाढत गेलं तसे तेही वाढले आणि साहजिकच त्याच क्षेत्रात शिरले. विमानं उडवून पाहणारे टेस्ट पायलट आणि विमानाचे भाग डिझाइन करणारे इंजिनिअर अशी दोन्ही कामं त्यांनी केली. आपल्याकडे वर्कशॉपला हात काळे करणारा आणि ड्रॉइंग हॉलमध्ये बसणारा असे दोन पंथ आहेत. मॅक्लारेन दोन्हीकडचे होते.

त्यांचा खास विषय म्हणजे विमानाची चाकं, लँडिंग गिअर. त्यांच्या नावापुढे सगळीकडे स्पिटफायरच्या चाकांचा उल्लेख येतो. स्पिटफायर हे ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडालेलं आणि दुसऱ्या महायुद्धात गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान. आता खरं सांगायचं तर अख्खं विमान हे एका मोठ्या डिझाइन ऑफिसचं काम असतं, आणि त्या ऑफिसचे प्रमुख होते आर. जे. मिचेल. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मॅक्लारेनना देऊन टाकणं मला पटत नाही. पण या कामातून त्यांना काय मिळालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

स्पिटफायरचे पंख फार पातळ. चाकांचे पाय विमानाच्या पोटाजवळ बिजागरीवर बसवलेले आणि ते बाहेरच्या बाजूला दुमडून पंखात जायचे. फायदा असा की जमिनीवर आदळताना बसणारा धक्का पंखाच्या मुळाशीच संपायचा, म्हणून पंख हलका ठेवता यायचा. तोटा असा की दोन चाकांमधलं अंतर कमी राहायचं आणि जमिनीवर चालताना विमान डुलायचं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तर चाकं वर घेण्यासाठी पायलटला हाताने पंप मारावा लागे. उजव्या हाताने पंप, डाव्या हातात विमानाची दांडी! त्यामुळे उड्डाण होताच नवशिक्याचं विमान वरखाली होताना दिसायचं.

आता लँडिंग गिअरकडून आपण काय मागतो ते बघा. वजनाने हलकं हवं, कारण उडताना ते निव्वळ ओझं असतं. दुमडून कमीत कमी जागेत बसायला हवं. एकदा उघडलं की असं पक्कं लॉक व्हायला हवं की दणका बसला तरी मिटता कामा नये. आणि उघडणं-मिटणं पटकन, न चुकता व्हायला हवं. ही यादी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मॅक्लारेन यांचं आणखी एक काम डिझाइनच्या मुलांना आवडेल. वारा आडवा असेल तर विमान रनवेच्या रेषेतच खाली येतं, पण त्याचं नाक मात्र वाऱ्याकडे थोडं वळलेलं असतं, खेकड्यासारखं तिरकं. चाकं नाकाच्या दिशेने पक्की असतील तर टेकताक्षणी ती बाजूला घासतात आणि पायांवर भयंकर ताण येतो. मॅक्लारेन यांनी असं गिअर काढलं की ज्यात चाकंच आधी रनवेच्या दिशेने वळवून ठेवता येतील. नाक कुठेही असो. त्यांच्या नावाची लँडिंग गिअरची स्वतंत्र कंपनीही होती.

विमानं जेटची झाली, मॅक्लारेन यांचं वय वाढलं. १९६१ मध्ये त्यांनी घडीची एक खुर्ची बाजारात आणली. नाव गॅडअबाउट, म्हणजे आपल्या भाषेत भटकभवानी. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि कापड, मिटली की कारच्या डिकीत कुठेही खुपसा. ही खुर्ची चरित्रात बऱ्याचदा वगळली जाते, पण मला ती महत्त्वाची वाटते. कारण चार वर्षांनी जे झालं, त्याची अर्धी तयारी या खुर्चीने आधीच करून ठेवली होती.

१९६५ साली त्यांची मुलगी परदेशातून विमानाने माहेरी आली. कडेवर मॅक्लारेन यांचं पहिलं नातवंड आणि सोबत बाळाची भलीमोठी ढकलगाडी. एका हाताने पोर सांभाळायचं, दुसऱ्या हाताने हे धूड विमानातून, टॅक्सीतून न्यायचं. तिची फजिती ऐकून साठीला आलेल्या आजोबांना नुसतं वाईट वाटलं नाही, त्यांना डोळ्यापुढे लँडिंग गिअर दिसलं.

त्याआधी बाबागाडी म्हणजे काय होती? १७३३ मध्ये विल्यम केंट नावाच्या कलाकाराने एका ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली, ती बकरी किंवा तट्टाने ओढायची. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये मागून ढकलायच्या गाड्या आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच तीन चाकी होत्या. पुढे घोडागाडीच्या धर्तीवर स्प्रिंगवर डुलणाऱ्या उंच, दिमाखदार प्रॅम आल्या. दिसायला राजेशाही, पण ठेवायला दारात ऐसपैस जागा हवी. १९६० च्या दशकात उंच इमारतींतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि बसने फिरणाऱ्या आईला त्यांचा काय उपयोग?

मॅक्लारेन यांनी २० जुलै १९६५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. यंत्रणा अशी: अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कात्रीसारख्या एकमेकींवरून आडव्या गेलेल्या, मध्ये पिव्होट. या कात्र्या मिटल्या की गाडी रुंदीत आकसते, आणि त्याच वेळी पुढचे-मागचे पायही एकमेकांजवळ येतात. म्हणजे घडी एका दिशेत नाही, दोन दिशांत. सपाट पाट होण्याऐवजी लांबट काठी होते, म्हणूनच या प्रकाराला पुढे छत्री गाडी म्हणू लागले. उघडली की मागचा जोड पायाने खाली दाबायचा, तो मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो आणि बाळाच्या वजनाने सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या ओरलला टॉगल विचारला तर हे उदाहरण द्या, सर खूश होतील. सगळं मिळून वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. बसायला पट्ट्यापट्ट्यांचं कापड.

अ‍ॅल्युमिनियमच का? घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठरपणाही एक तृतीयांशच. मग फायदा कुठे? फायदा नळीच्या आकारात. धातू हलका असल्यामुळे त्याच वजनात जास्त व्यासाची नळी घेता येते, आणि धातू मध्यरेषेपासून जितका दूर तितका वाकायला विरोध जास्त. सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण मोमेंट ऑफ इनर्शिया घोकतो तो याच्यासाठी. विमानवाल्यांना हे पाठ होतं; प्रॅम बनवणारे मात्र घोडागाडीतून बाहेर पडले नव्हते.

उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं तेही कुठे, तर नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या बार्बी गावात, राहत्या घराच्या जुन्या तबेल्यांमध्ये. पहिल्या वर्षी साधारण हजार गाड्या निघाल्या. १९७६ पर्यंत हा आकडा वर्षाला सहा लाखांवर गेला. नऊ वर्षांत सहाशे पट. बॅक-ऑफ-द-एन्व्हलप हिशोब करून बघा, दरवर्षी उत्पादन सरासरी दुप्पट!

इथे जरा विषयांतर. माझ्या ताईला गेल्या वर्षी मुलगा झाला. भावजींनी तीन चाकी ढकलगाडी पसंत केली, ताईला चार चाकी छत्री गाडी हवी होती, आणि भांडण मिटवायला मला फोन आला, कारण मी घरातला इंजिनिअर. केटी लागलेली असली तरी! मग बसलो विचार करत.

तीन चाकांचा पहिला फायदा आपल्या पूर्वजांनाही माहीत होता. पांगुळगाडा तीन चाकीच असतो. तीन पायांचं स्टूल कुठल्याही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जातं. चौथा पाय आला की एक तरी हवेत. दुसरं, तीन चाकीला बहुधा सायकलसारखी मोठी, हवा भरायची चाकं असतात. खड्ड्याच्या मानाने चाक मोठं असेल तर ते खड्ड्यात अडकत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत फिल बेचलर या पत्रकाराने बाळाला घेऊन पळता यावं म्हणून सायकलची चाकं लावून अशी गाडी केली, आणि तिथून आजच्या तीन चाकी गाड्यांची लाट आली.

पण तोटा भूमितीतच आहे. चार चाकीचा आधार आयत, तीन चाकीचा त्रिकोण. बाळ मागे टेकून बसलं असेल तर काळजी नाही. ते पुढे वाकलं की वजनाचा बिंदू त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. मागच्या आसापासून एक तृतीयांश अंतरावर असताना बाजूला जेवढा आधार होता, निम्म्यावर आला की त्याचा तीन चतुर्थांशच उरतो. अशात फुटपाथच्या कडेवरून तिरकं उतरलात तर गाडी कलंडू शकते. म्हणून तीन चाकी घेताना मागचा आस रुंद आणि बैठक खाली आहे का बघायचं, कडेवरून सरळच उतरायचं आणि हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत. पुढचं चाक फिरतं असेल तर त्याला सरळ लॉक करायची सोय हवी. पळताना फिरतं चाक थरथरायला लागतं. मनगटात अडकवायचा पट्टा हवा, आणि बाळासाठी खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा हवा. बाळाची मान नीट धरेपर्यंत, म्हणजे किमान सहा महिने, गाडी घेऊन पळणं नाहीच, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच. अगदी लहान बाळाला तर पाठ पूर्ण आडवी होणारी बैठक लागते. मग गाडी तीन चाकी असो नाहीतर छत्री.

आणि घडी? इथे मॅक्लारेन जिंकतात. कात्रीला चार टोकं असतात, त्या टोकांना चार चाकं आपसूक बसतात. तीन चाकीत पुढची दोन टोकं एकाच चाकापाशी आणावी लागतात, मग रुंदीतली कात्री बसवणं अवघड होतं. ती सपाट मिटते, पण काठी होत नाही. ताई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि ती रिक्षाने फिरते. भावजी रोज सकाळी मैदानावर पळतात, तेही जानेवारीचे पहिले दहा दिवस. निकाल मी ताईच्या बाजूने दिला, भावजी अजून नीट बोलत नाहीत.

असो. मॅक्लारेन यांना ब्रिटिश सरकारने एमबीई हा किताब दिला तो बाबागाडीसाठी, आणि त्याच सुमारास, १९७८ मध्ये, ते वारले. त्यांची कंपनी पुढे वेगवेगळ्या मालकांकडे गेली, आणि पेटंटची मुदत सरल्यावर छत्री गाड्या जगभर कोणीही बनवू लागलं.

एक प्रकरण मात्र सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख नुसती आरती होईल. नोव्हेंबर २००९ मध्ये, मॅक्लारेन जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर, त्यांच्या नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या रिकॉलमध्ये घ्याव्या लागल्या. या गाड्या १९९९ पासून विकलेल्या होत्या. गाडी उघडताना मुलाचं बोट बाजूच्या बिजागरीत सापडून बोटाचं टोक तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. कात्री ती कात्रीच. विमानाचे पाय उघडतात तेव्हा आसपास कोणाचं बोट नसतं. बाबागाडी उघडते तेव्हा शेजारी दीड वर्षाचं पोर उभं असतं आणि त्याला सगळ्यात आधी हलणाऱ्या वस्तूलाच हात लावायचा असतो. ज्या जोडामुळे गाडी काखेत मावली, त्याच जोडाने हे केलं. उपाय म्हणून कंपनीने लोकांना काय पाठवलं, तर बिजागरीवर चढवायची कापडी टोपी. ताईच्या गाडीची बिजागरी मी दुकानातच मिटून-उघडून पाहिली. तिच्यावर झाकण होतं. तरीसुद्धा गाडी उघडताना बाळाला आधी दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर द्यायचं, एवढं तिला बजावून ठेवलं आहे.