जॉन एन्टविसल - मागे उभा राहिलेला माणूस



रॉक बँड म्हटला की आपल्याला आठवतो तो गायक, नाहीतर लीड गिटारवाला. बेस गिटारवाला बिचारा कोपऱ्यात! 'द हू' या ब्रिटिश बँडच्या जॉन एन्टविसलने मात्र कोपऱ्यात उभं राहूनच सगळ्यांना आपल्याकडे बघायला लावलं.

जन्म ९ ऑक्टोबर १९४४, लंडनमधल्या चिझिकचा. वडील ट्रम्पेट वाजवायचे, आई पियानो. लहानपणी तो पियानो, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकला. शाळेत पीट टाऊनशेंड भेटला. रॉकचं वेड लागल्यावर पठ्ठ्याने बेस गिटार चक्क घरी बनवली. ती घेऊन रस्त्याने जाताना रॉजर डाल्ट्रीने त्याला हेरलं आणि आपल्या बँडमध्ये घेतलं. दिवसा टॅक्स ऑफिसात नोकरी, संध्याकाळी कार्यक्रम. १९६४ मध्ये ड्रमवर कीथ मून आला आणि चौकडी जमली.

स्टेजवर बाकीचे तिघे नुसता धुमाकूळ घालायचे. पीट गिटारी फोडायचा, कीथ ड्रम. जॉन मात्र खांबासारखा स्थिर, फक्त बोटं विजेसारखी पळायची. म्हणून टोपणनाव पडलं 'थंडरफिंगर्स'. १९६५ च्या 'माय जनरेशन'मधले त्याचे तुकडे म्हणजे रॉकमधल्या अगदी सुरुवातीच्या बेस सोलोंपैकी एक.

आम्हा इंजिनियर लोकांना आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. तेव्हाच्या बेसच्या तारांचा आवाज त्याला दबका वाटायचा. १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीसोबत बसून, गोल तार गुंडाळलेल्या तारा त्याने मनासारख्या करून घेतल्या. आवाज पियानोसारखा खणखणीत झाला. आज जगभर अशा तारा वापरतात. 'क्वाड्रोफेनिया' (१९७३) मधली हॉर्नची साथही त्याचीच.

पण या आवाजाची किंमत मोजावी लागली. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टनमधला त्यांचा कार्यक्रम सर्वात मोठ्या आवाजाचा म्हणून गिनेस बुकात गेला. भिंतीएवढ्या स्पीकर्ससमोर वर्षानुवर्षं उभं राहून जॉनची श्रवणशक्ती खूपच कमी झाली. खर्चाचा हातही सैल होता. ग्लॉस्टरशायरमध्ये प्रचंड वाडा, शेकडो गिटारी, गाड्या. आणि गाडी चालवायला मात्र तो कधीच शिकला नाही!

२७ जून २००२ रोजी, अमेरिका दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, लास वेगासच्या हॉटेलात हृदयविकाराने तो गेला. वय अवघं ५७. कोकेनचाही त्यात वाटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. चारच दिवसांनी दुसरा बेसवादक घेऊन दौरा सुरू झाला.

२००३ मध्ये त्याच्या गिटारींचा लंडनला लिलाव झाला, मालमत्तेवरचा कर भरण्यासाठी. टॅक्स ऑफिसातल्या कारकुनाच्या आयुष्याचा असा शेवट व्हावा, याला काय म्हणायचं!

आपल्यापैकी अनेकांची मुलं इथे गिटार, ड्रम शिकतात. त्यांना जॉन जरूर ऐकवा. फक्त आवाज थोडा कमी ठेवा.