घेतलेल्या वेतनाचे ऋण : श्रीनिवास रामानुजन

वाचकहो, चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत सिरुसेरी नावाचे ठिकाण आहे. एके काळचे हे खेडे आज संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींनी गजबजले आहे. अशा नगरांत आपल्या मंडळ्यांतील तरुण-तरुणीही नोकरीनिमित्त जातात. तेथे दाराशी कार्ड लावताच आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नोंदली जाते. करारात आठ-नऊ तास लिहिलेले असतात. पण हाती सोपवलेले काम कधी कधी चार-पाच तासांतच संपते. महिनाअखेर वेतन मात्र पूर्ण मिळते. पुष्कळांना त्याचे काही वाटत नाही. काहींना मात्र हे वेतन घेताना मनात टोचणी लागते. आपण न केलेल्या कामाचे पैसे घेत आहोत काय, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही.

याच सिरुसेरीत २००५ सालापासून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताच्या अध्ययनाची नामांकित संस्था उभी आहे. तेथील विद्यार्थी ज्या थोर पुरुषाचे नाव आदराने घेतात, त्यालाही ही टोचणी ठाऊक होती. तो पुरुष म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या बुद्धीविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीची ओळख करून घेऊ या. ते वैष्णव कुळात जन्मले आणि त्याच श्रद्धेत शेवटपर्यंत राहिले. परंतु देवाने नियमशास्त्राचा सारांश परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर लिहिला आहे, असे पौलाने रोमकरांस कळविले आहे. त्या अंतःकरणातील लेखाचे दर्शन आपणांस या जीवनात घडेल.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. बालपण कुंभकोणम या मंदिरांच्या गावी गेले. वडील एका कापड व्यापाऱ्याकडे कारकून होते. घरी गरिबी होती, पण मुलाची बुद्धी विलक्षण होती. १९०३ साली त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचा गणितातील सिद्धान्तांचा एक संग्रह आला आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही दिसेनासे झाले. १९०४ साली शाळेत गणिताचे पारितोषिक मिळवून ते शिष्यवृत्तीसह कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात दाखल झाले.

येथेच पहिली ठेच लागली. शिष्यवृत्ती सर्व विषयांच्या अभ्यासासाठी होती. रामानुजन अभ्यास करीत ते एकाच विषयाचा. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली हा लाजाळू मुलगा कोणास न सांगता घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयातही तेच घडले. परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा हुकली. ज्यासाठी पैसे घेतले ते काम आपल्या हातून झाले नाही, हा अनुभव त्यांना वयाच्या विशीपूर्वीच आला होता.

१९०९ साली जानकी यांच्याशी विवाह झाला आणि उदरनिर्वाहाचा प्रश्न दाराशी उभा राहिला. आपल्या वह्या काखोटीला मारून रामानुजन आश्रयदात्यांचे उंबरठे झिजवू लागले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांनी त्यांची योग्यता ओळखली. मराठी वाचकांस हे वाचून समाधान वाटेल, की या संस्थेचे ग्रंथालय आरंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्याच नियतकालिकात १९११ साली रामानुजन यांचा पहिला निबंध छापला गेला. १९१० च्या अखेरीस ते नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांना भेटले. रावसाहेबांनी त्यांना काय हवे असे विचारले. पोटाला अन्न आणि गणितासाठी मोकळा वेळ, एवढीच त्यांची मागणी होती. रावसाहेब आपल्या खिशातून दरमहा पंचवीस रुपये देऊ लागले आणि त्याबद्दल कोणतेही काम सांगेनात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याला फक्त मोकळा वेळ हवा होता त्याला तो मिळाला होता. देणारा उदार होता आणि परतफेडीची अट नव्हती. तरीही सुमारे वर्षभरानंतर रामानुजन यांनी हे साहाय्य घेणे थांबविले. दुसऱ्यावर फार काळ भार होऊन राहणे त्यांच्या मनाला रुचेना. ते नोकरी शोधू लागले. १९१२ च्या आरंभी त्यांनी मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत वीस रुपयांवर थोडे आठवडे तात्पुरते काम केले आणि १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात तीस रुपयांवर ते कारकून झाले.

पोर्ट ट्रस्टमधील रामानुजन यांची स्थिती आजच्या सिरुसेरीतील तरुणाच्या स्थितीहून फार निराळी नव्हती. नेमून दिलेले हिशेबाचे काम ते सहज उरकीत आणि उरलेल्या वेळेत गणित करीत. कागद महाग, म्हणून गोदीत पडलेले वेष्टनाचे कागदही त्यांना चालत. येथील एक कथा सांगितली जाते. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांना एका महत्त्वाच्या फायलीत गणिताच्या आकडेमोडीचे कागद सापडले. त्यांनी मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर यांना बोलावून, कचेरीच्या वेळेत तुम्ही गणित करता काय, असे कठोर मुद्रेने विचारले. नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. अक्षर आपले नव्हे, बहुधा रामानुजनचे असावे, असे त्यांनी भीत भीत सांगितले. तेव्हा साहेब हसू लागले. त्यांना ते आधीच ठाऊक होते.

या कथेतील हास्याआड एक गंभीर गोष्ट आहे. रामानुजन यांचा मोकळा वेळ चोरलेला नव्हता. त्यांचे वरिष्ठ तो जाणत होते, त्याला संमती देत होते, इतकेच नव्हे तर त्यांच्या उत्कर्षासाठी खटपटही करीत होते. रात्री नारायण अय्यर आणि रामानुजन पाट्या घेऊन एकत्र गणिते सोडवीत बसत. मालकाच्या नजरेआड वेळ दवडणे आणि मालकाच्या संमतीने तो चांगल्या कार्यास लावणे, यांत मोठे अंतर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. पण करणाऱ्याचे अंतःकरण त्यातील भेद जाणते.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजचे प्राध्यापक जी. एच. हार्डी यांना ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले. हार्डींचे उत्तर आले आणि दैव पालटले. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीही शिफारस केली. मद्रास विद्यापीठाने आपला नियम बाजूस सारून, पदवी नसलेल्या या कारकुनास १ मे १९१३ पासून दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. पोर्ट ट्रस्टने त्यांना बिनपगारी रजा दिली. आता कचेरी नाही, हजेरी नाही, ठरलेले तास नाहीत. अट एकच, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा. परीक्षेच्या शिस्तीत कधीच न बसलेल्या या माणसाने तीन तिमाही अहवाल सादर केले. त्यांतील एक सूत्र आज गणितज्ञ रामानुजन यांचा महासिद्धान्त म्हणून ओळखतात.

१७ मार्च १९१४ रोजी ते नेवासा नावाच्या जहाजाने इंग्लंडला निघाले. विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड मंजूर केले होते आणि त्यातील काही भाग कुंभकोणमला घरी पोहोचत असे. ट्रिनिटी महाविद्यालयाकडून आणखी साठ पौंड मिळत. तीन वर्षे हार्डींच्या सहवासात अपूर्व काम झाले. पण ते युद्धाचे दिवस होते. शाकाहारी रामानुजन यांना योग्य अन्न मिळेना, थंडी सोसेना, झोपेजेवणाचा नियम राहीना. १९१७ च्या वसंतात ते आजारी पडले आणि पुढील दोन वर्षे त्यांनी एका रुग्णालयातून दुसऱ्यात अशी काढली. या काळात त्यांचे मनही अतिशय खचले होते.

आणि नेमक्या याच काळात सन्मान चालून आले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रिनिटीचे फेलोही झाले. फेलो म्हणून सहा वर्षे वर्षाला सुमारे २५० पौंड मिळणार होते आणि त्याबद्दल कोणतेही कर्तव्य लादलेले नव्हते. मद्रास विद्यापीठानेही पाच वर्षांसाठी वार्षिक २५० पौंड देऊ केले. जुन्या पंधरा रुपयांच्या दराने ही एकच रक्कम ३,७५० रुपये होते. कारकून असताना त्यांचे वर्षाचे वेतन ३६० रुपये होते.

११ जानेवारी १९१९ रोजी आजारी रामानुजन यांनी विद्यापीठाचे रजिस्ट्रार ड्यूजबरी यांना पत्र लिहिले. प्रथम त्यांनी साहाय्याचा कृतज्ञतेने स्वीकार केला. मग कळविले, की हिंदुस्थानात परतल्यावर ही रक्कम आपल्या गरजेहून पुष्कळच अधिक होईल. इंग्लंडमधील खर्च भागल्यावर आईवडिलांना वर्षाला पन्नास पौंड द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च वजा जाता जे उरेल ते शिक्षणकार्यास, विशेषतः गरीब व अनाथ मुलांची फी कमी करण्यास आणि शाळांना पुस्तके देण्यास खर्च करावे, अशी त्यांनी विनंती केली. त्यानंतर त्यांनी आपल्या अंतरीची व्यथा सांगितली. प्रकृतीमुळे गेल्या दोन वर्षांत पूर्वीइतके गणित आपल्या हातून झाले नाही, याचे त्यांना दुःख होते. लवकरच अधिक काम करता येईल अशी आशा त्यांनी व्यक्त केली आणि मिळालेल्या साहाय्यास पात्र ठरण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिले.

या पत्राचा विचार करा. कोणी त्यांच्याकडे हिशेब मागितला नव्हता. तक्रार तर कोणाचीच नव्हती. तरीही त्यांनी आपण होऊन आपली उणीव पैसे देणाऱ्याच्या कानी घातली. उणीव तरी किती होती? याच दोन वर्षांत हार्डी आणि रामानुजन यांचा संख्यांच्या विभाजनावरील थोर निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. चार या संख्येची बेरजेच्या रूपाने पाच प्रकारे मांडणी होते: चार, तीन व एक, दोन व दोन, दोन, एक व एक, आणि चार वेळा एक. हीच मांडणी दोनशे या संख्येची करू गेल्यास ती ३९,७२,९९,९०,२९,३८८ प्रकारे होते. हा आकडा मेजर मॅकमहन यांनी कष्टाने हाताने काढला होता आणि नव्या सूत्राने तोच आला. ज्या काळाबद्दल रामानुजन खेद करीत होते, त्या काळात त्यांनी जगाला हे दिले होते. आपल्याला टोचणारे मन प्रामाणिक असते, परंतु त्याचा तराजू नेहमीच अचूक असतो असे नाही.

२७ मार्च १९१९ रोजी नागोया जहाजाने ते मुंबई बंदरात उतरले. आई त्यांना घेण्यास आली होती. मुलगा अस्थिपंजर झाला होता. मद्रास, कोडुमुडी, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास असे स्थलांतर करूनही प्रकृती सुधारली नाही. आपल्या अंगी किती थोडे बळ उरले आहे हे त्यांना कळत होते, आणि त्या थोडक्या बळाचे त्यांनी काय केले पाहा. बिछान्यावर पडल्या पडल्या ते लिहीत राहिले. १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी हार्डींना पत्र धाडले. आल्यापासून एकही पत्र लिहिले नाही याबद्दल आरंभीच मनःपूर्वक क्षमा मागितली आणि लगेच मॉक थीटा फंक्शन या नावाने एक नवा शोध कळविला. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्या अखेरच्या वर्षातील कागद इंग्लंडला पोहोचले आणि विस्मृतीत गेले. १९७६ साली अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना ते ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडले. शंभराहून अधिक पानांवर सहाशेहून अधिक सूत्रे होती. मॉक थीटाचा खरा अर्थ तर २००२ साली सँडर झ्वेगर्स या डच संशोधकाच्या प्रबंधाने उलगडला. पतीच्या निधनानंतर जानकीबाई काही वर्षे मुंबईस भावाकडे राहिल्या, तेथे शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्याच कष्टांवर त्यांनी मानाने जीवन कंठिले. १९९४ साली त्या निवर्तल्या.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या मनाला अपुऱ्या तासांची टोचणी लागली असेल, तर ती दडपून टाकू नका, आणि तिच्याखाली चिरडूनही जाऊ नका. आधी तिची परीक्षा करा. काम नसल्यामुळे वेळ उरत असेल तर वरिष्ठांना सरळ जाऊन सांगा. स्प्रिंगसाहेबांसारखे वरिष्ठ सर्वांनाच लाभतील असे नाही, पण लपविलेली गोष्ट उघड केल्याने मनावरचे ओझे नक्कीच हलके होते. आळसाने वेळ जात असेल तर तो आळस सोडण्यास आजचाच दिवस योग्य आहे. आजाराने किंवा घरच्या संकटाने हात थकले असतील, तर ते कर्ज नव्हे. रामानुजन यांनी केले तसे आपली स्थिती नम्रपणे कळवावी, मिळालेले साहाय्य उपकारबुद्धीने घ्यावे आणि जेवढे बळ आहे तेवढे कामी लावावे. गरजेहून अधिक मिळाले असेल, तर एखाद्या अनाथ मुलाच्या फीची आठवण ठेवावी.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आपणांस परिचित आहे. अकराव्या ताशी आलेल्या मजुरांनाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. ते लोक आळशी म्हणून चौकात उभे नव्हते. त्यांना कोणी कामास लावले नव्हते. त्या संध्याकाळी पूर्ण मजुरी हातात पडल्यावर त्यांना काय वाटले असेल, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण त्यांच्यातील एखादा तरी दुसऱ्या दिवशी पहाटेच मळ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला असेल, असे मानावयास हरकत नाही.