एमिल द्यूरकेम : एका शिक्षकाचें चरित्र

शाळेची घंटा वाजते आणि सारीं मुलें रांगेंत उभीं राहतात. प्रत्येकाचें मन निराळें, प्रत्येकाची इच्छा निराळी. कोणी कोणास हात धरून ओढीत नाहीं, तरी रांग लागते. आपण जी भाषा बोलतों ती आपण निर्माण केलेली नाहीं. ज्या नाण्यांनीं बाजारांत व्यवहार करितों, ज्या रीतीनें वडील माणसांस नमस्कार करितों, तें सारें आपल्या जन्मापूर्वींपासून चालत आलेलें आहे. मनुष्यास असें वागावयास लावणारी ही शक्ति कोणती? हा साधा दिसणारा प्रश्न ज्यांनीं जन्मभर उराशीं धरिला आणि त्यांतून समाजशास्त्र या नव्या शास्त्राचा पाया घालण्यास मोठा हातभार लाविला, त्या एमिल द्यूरकेम या फ्रेंच पंडितांचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

द्यूरकेम यांचा जन्म ता. १५ एप्रिल १८५८ रोजीं फ्रान्सच्या पूर्व भागांतील लोरेन प्रांतांत एपिनाल या गांवीं झाला. त्यांचे वडील यहुदी धर्मगुरु, म्हणजे रब्बी, होते. आजोबा व पणजोबा यांनींही तेंच काम केलें होतें. घरांत संपत्ति बेताचीच होती; आई भरतकामाचा लहानसा उद्योग चालवून संसारास हातभार लावी. मुलानेंही रब्बी व्हावें अशी अपेक्षा होती. परंतु तरुणपणींच त्यांनीं निराळा मार्ग धरिला व पुढें ते कोणत्याच धर्मपंथाचे राहिले नाहींत. तथापि नियमितपणा, काटकसर आणि कर्तव्याची तीव्र जाणीव हे घरचे संस्कार अखेरपर्यंत टिकले.

ते बारा वर्षांचे असतां १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध झालें. फ्रान्सचा पराभव झाला आणि एपिनाल गांवांत जर्मन फौजा येऊन बसल्या. पराभवाचें दुःख असह्य झालें म्हणजे लोक कोणा तरी दुबळ्याच्या माथीं दोष मारूं पाहतात. त्या वेळीं तो यहुदी लोकांच्या माथीं मारण्यांत आला. हें त्या मुलानें पाहिलें व तें त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं.

गांवच्या शाळेंत हुशार ठरलेला हा मुलगा पॅरिसमधील एकोल नॉर्माल या विख्यात विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत मात्र दोन वेळां नापास झाला. वडील आजारी होते, पैशाची ओढ होती. तरी धीर न सोडतां १८७९ सालीं तिसऱ्या खेपेस त्यांनीं प्रवेश मिळविला. पुढें प्रसिद्धीस आलेले राजकारणी झां झोरेस व तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ हे तेथें त्यांच्या बरोबरीचे विद्यार्थी होते. १८८२ सालीं तत्त्वज्ञानाच्या शेवटच्या परीक्षेंतही द्यूरकेम यांचें नांव यादीच्या तळाजवळच होतें. परीक्षेच्या यादीवरून मनुष्याची सारी योग्यता ठरत नाहीं, हें पालकांनींही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नंतर सुमारें पांच वर्षें त्यांनीं निरनिराळ्या गांवच्या सरकारी विद्यालयांत तत्त्वज्ञान शिकविलें. मध्यें १८८५-८६ सालीं जर्मनींत जाऊन तेथील विद्यापीठांचा अभ्यास केला. १८८७ सालीं बोर्दो येथील विद्यापीठांत त्यांची नेमणूक झाली. शाळामास्तरांस शिक्षणशास्त्र शिकविणें हें त्यांचें तेथील एक मुख्य काम होतें. त्याच्या जोडीला समाजशास्त्राचीं व्याख्यानें देण्याची मुभा होती. हा विषय त्या काळीं इतका नवा होता कीं, तत्त्वज्ञान व इतिहास यांच्या पंडितांस तो परक्याच्या घुसखोरीसारखा वाटे.

१८९३ सालीं त्यांचा श्रमविभागावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या लहान समाजांत सर्वांचें काम, सर्वांच्या समजुती बहुतेक एकसारख्या असत, आणि त्या सारखेपणानें लोक एकत्र बांधलेले असत. आतांच्या मोठ्या समाजांत शेतकरी, विणकर, वैद्य, शिक्षक अशीं कामें वांटलीं गेलीं. येथें माणसें एकमेकांच्या गरजेनें बांधलीं जातात. मात्र व्यवहार वाढला आणि त्याबरोबर न्यायाचे नियम वाढले नाहींत, तर ही वीण उसवते, असा इशारा त्यांनीं दिला. १८९७ सालीं त्यांनीं आत्महत्या या दुःखद विषयावर ग्रंथ लिहिला. त्यासाठीं सुमारें २६,००० प्रकरणांची वर्गवारी त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनीं करून दिली. इतकें खाजगी वाटणारें दुःखही समाजाच्या स्थितीशीं जोडलेलें असतें, हें त्यांनीं आंकड्यांवरून दाखविलें. ज्यांस कुटुंबाचा व समाजाचा जिव्हाळ्याचा आधार होता त्यांच्यांत हें प्रमाण कमी दिसलें, आणि एकटें पडलेल्यांत अधिक. सरकारी आंकड्यांवर त्यांनीं फार भिस्त ठेविली असा आक्षेप पुढील अभ्यासकांनीं घेतला आहे; तरी दुःखांत असलेल्या माणसास एकटें पडूं देऊं नये, हा बोध आजही मोलाचा आहे.

समाजाची थोरवी गाणारा हा पंडित एकट्या व्यक्तीस कवडीमोल समजत असेल, असें कोणासही वाटेल. त्याची कसोटी लवकरच लागली.

१८९४ सालीं आल्फ्रेड ड्रेफस नांवाच्या यहुदी कप्तानावर जर्मनीस गुप्त माहिती पुरविल्याचा आरोप आला व लष्करी न्यायसभेनें त्यास दोषी ठरविलें. ता. ५ जानेवारी १८९५ रोजीं सैन्यासमक्ष त्याच्या हुद्द्याचीं चिन्हें उपटण्यांत आलीं, त्याची तलवार मोडण्यांत आली, आणि त्यास दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील, सैतानाचें बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, एका ओसाड बेटावर कैदेंत धाडण्यांत आलें. पुढें खरा अपराधी एस्तेऱ्हाझी नांवाचा दुसराच अधिकारी असल्याचा पुरावा पुढें आला. तरी जानेवारी १८९८ मध्यें त्यास निर्दोष म्हणून सोडण्यांत आलें. तेव्हां कादंबरीकार एमिल झोला यांनीं ता. १३ जानेवारी रोजीं राष्ट्राध्यक्षांस उघड पत्र लिहून हा अन्याय चव्हाट्यावर मांडिला. सारा देश दुभंगला. अनेक प्राध्यापकांनीं व लेखकांनीं फेरतपासणीची मागणी केली.

या विद्वानांवर फेर्दिनां ब्रुनेतिएर या नामांकित टीकाकारांनीं कडक हल्ला चढविला. त्यांचा मुद्दा वरवर पाहतां बिनतोड होता. विद्वानांनीं आपापल्या विषयांत रहावें. लष्कर व न्यायालय यांवरील श्रद्धा ढळली तर राष्ट्र मोडेल. एका व्यक्तीसाठीं सर्वांस वेठीस धरणें हा निव्वळ अहंकार होय, असें त्यांचें म्हणणें होतें. द्यूरकेम स्वभावानें वादापासून दूर राहणारे, सरकारी विद्यापीठांत नोकरी करणारे, त्यांत यहुदी. ते गप्प बसते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु ते बोर्दो येथील मानवी हक्क संघाच्या शाखेचे चिटणीस झाले, आणि २ जुलै १८९८ च्या एका नियतकालिकांत त्यांनीं ब्रुनेतिएर यांस उत्तर दिलें.

त्यांत ड्रेफस यांच्या खटल्याचा तपशील फारसा नव्हता. वादाच्या मुळालाच त्यांनीं हात घातला. आपलेंच सुख पाहणें आणि मनुष्यमात्राचा मान राखणें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत असें त्यांनीं दाखविलें. आजच्या राष्ट्रांत लोकांचे धंदे निराळे, मतें निराळीं, पंथ निराळे. त्या सर्वांस समान अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणुसकी. म्हणून एका निरपराध्यावरील अन्याय जाणूनबुजून चालूं देणारें राष्ट्र आपल्याला एकत्र ठेवणारा धागाच तोडीत असतें. पुराव्याची पारख करणें हा विद्वानाचा रोजचा धर्म. तो ज्ञानाच्या दालनाबाहेर पडतांच सोडून द्यावा असें कोठेंही नाहीं. अर्थात् समाजाचें शास्त्र शिकविणारे द्यूरकेम समाजाच्याच हितासाठीं एका माणसाच्या बाजूनें उभे राहिले. ड्रेफस यांची १८९९ सालीं पुन्हा चौकशी झाली. पुन्हा दोषी ठरून त्यांस माफी मिळाली, आणि १९०६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्यांचें निर्दोषित्व जाहीर केलें.

१९०२ सालीं द्यूरकेम पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठांत शिक्षणशास्त्र शिकविण्यास गेले. तेथील त्यांचीं नीतिशिक्षणावरील व्याख्यानें आम्हां शिक्षकांस विशेष विचार करावयास लावणारीं आहेत. शिस्त हवीच; शिस्तीवांचून मनुष्यास स्वतःवर ताबा मिळत नाहीं. परंतु मुलांस मारणें हें शाळेंतून साफ बंद व्हावें असें त्यांचें मत होतें; कारण मुलाच्या मनांत माणसाच्या प्रतिष्ठेची जाणीव उत्पन्न करणें हें ज्या शाळेचें काम, तिनेंच ती प्रतिष्ठा पायदळीं कशी तुडवावी? वर्ग हा एक लहानसा समाज आहे; त्यांत शिक्षकाच्या हातीं मोठी सत्ता असते, आणि सत्ता बेफाम होण्यास वेळ लागत नाहीं, हेंही त्यांनीं बजाविलें.

१९१२ सालीं त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ, धर्मजीवनाच्या मूळ रूपांवरील, प्रसिद्ध झाला. त्यासाठीं त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांचीं वर्णनें वापरलीं. ते स्वतः तेथें कधीं गेले नव्हते, आणि त्यांचे अनेक निष्कर्ष पुढें वादग्रस्त ठरले. तरी लोक एकत्र जमतात, उत्सव करितात, एखाद्या निशाणासाठीं सैनिक प्राणही देतो, या गोष्टींचा अर्थ लावण्यास त्यांनीं शिकविलें.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. त्यांचे कित्येक उत्तम शिष्य रणांगणावर पडले. त्यांचा एकुलता एक मुलगा आन्द्रे भाषाशास्त्राचा होतकरू अभ्यासक होता. तो सर्बियाच्या आघाडीवर गेला आणि १९१६ च्या आरंभीं बेपत्ता झाल्याची वार्ता आली. बाप रोज पत्राची वाट पाहत असतां मार्च महिन्यांत फ्रान्सच्या वरिष्ठ सभेंतील एका सभासदानें द्यूरकेम हे जर्मन वंशाचे परके असल्याचा संशय बोलून दाखविला. शिक्षणमंत्री पेंलव्हे यांनीं त्याचा तत्काळ निषेध केला. एप्रिलमध्यें कळलें कीं, आन्द्रे मागील डिसेंबरांतच जखमांनीं एका बल्गेरियन इस्पितळांत मरण पावला होता. लहानपणीं एपिनाल गांवांत जें इतरांच्या वांट्यास आलेलें पाहिलें तेंच म्हातारपणीं पुत्रशोकाबरोबर स्वतःच्या वांट्यास आलें. तरी ते देशाचें काम करीत राहिले. त्यांची प्रकृति पुन्हा सुधारली नाहीं, ता. १५ नोव्हेंबर १९१७ रोजीं, ५९ व्या वर्षीं, ते निवर्तले. शेवटच्या महिन्यांत ते नीतीवरील एक ग्रंथ लिहीत होते. तो अपुराच राहिला.

त्यांचे विचार पुढें इंग्लंडमार्गें हिंदुस्थानांतही पोंचले. मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं शिकलेले एम्. एन्. श्रीनिवास पुढें ऑक्सफर्ड येथें गेले; कूर्ग लोकांचा धर्म व समाज यांवरील त्यांच्या १९५२ सालच्या ग्रंथांत द्यूरकेम यांच्या विचारसरणीची छाप स्पष्ट दिसते.

विद्यार्थ्यांस मोठमोठ्या खटल्यांत बाजू घेण्याचे प्रसंग क्वचित् येतील. परंतु वर्गांत कांहीं हरवतें, कोणाची तरी दौत सांडते, आणि सारा वर्ग ज्याला मित्र नाहीं अशा एखाद्याच मुलाकडे बोट दाखवितो, हा प्रसंग दरवर्षीं येतो. अशा वेळीं पुरावा काय आहे असें विचारणारा एक तरी विद्यार्थी आमच्या प्रत्येक वर्गांत असावा, आणि तसें विचारल्याबद्दल घरीं त्याला पालकांची शाबासकी मिळावी, एवढीच इच्छा आहे.