सेवाव्रती रमाबाई रानडे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मला प्रथम रमाबाई रानडे आठवल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून त्यांचे नाव आपणा सर्वांना परिचित आहे. परंतु मोठ्या घरची प्रतिष्ठा त्यांनी कोणत्या कामी लावली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषाने वडिलांच्या आग्रहाखातर एवढ्याशा मुलीशी लग्न करावे, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. मात्र लग्न होताच त्यांनी पत्नीला अक्षरओळख करून देण्यास सुरुवात केली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. त्यांचे टोमणे मुकाट्याने सोसून रमाबाई मराठी शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या.

नाशिकला असताना त्यांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र बोलावून मुलींच्या शिक्षणाचा विषय काढला. आपल्या मंडळांचे मूळच जणू तेथे आहे! १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवे अशी मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी भरसभेत वाचले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा निघाली. सभेत कौतुक झाले, घरी मात्र बोलणी खावी लागली.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्या काळी कुलीन घरच्या विधवेने कोपऱ्यात बसावे, हीच रीत होती. रमाबाईंनीही सुमारे वर्षभर एकांतवास पत्करला. नंतर मात्र त्या कामाला लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे लेखन-वाचन, शिवण आणि अध्यापनाबरोबर रुग्णसेवेचेही शिक्षण मिळू लागले.

यातील रुग्णसेवेचे काम सर्वांत अवघड होते. परक्या माणसाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची. असले काम चांगल्या घरच्या स्त्रीने करणे कमीपणाचे समजत. सोवळ्याओवळ्याचा बाऊ तर होताच. अशा वेळी तरुण विधवांना त्यांच्या घरच्यांनी या शिक्षणासाठी पाठविले, त्याला रमाबाईंच्या नावाचा आधार होता. घराण्याचा मान त्यांनी मिरविला नाही, तर दुसऱ्यांच्या मुलींसाठी जणू तारण म्हणून ठेवला. प्रतिष्ठा जन्माने मिळते की उपयोगी पडण्याने, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील शिष्ट समाजाला त्यांनी कृतीने दिले.

१९२०च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी मुलांना द्यावे, मुलींचे नंतर पाहावे, असा विचार पुढे आला. पैशांची अडचण हे त्याचे कारण होते. त्याविरुद्ध बायकांनी मोर्चा काढला आणि वयाची साठी जवळ आलेल्या रमाबाईंनी त्यात पुढाकार घेतला. आपल्या घरच्या लेकी तर शिकतच होत्या. त्या रस्त्यावर उतरल्या त्या इतरांच्या लेकींसाठी. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. सेवासदनाचे कार्य आजही चालू आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या सभागृहात दुपारच्या वेळी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी लेखन-वाचनाचा वर्ग काढावा, ही सूचना यंदा मंडळापुढे आली आहे. सतरंज्या खराब होतील, वर्दळ वाढेल, कार्यक्रमांना जागा अपुरी पडेल, असे आक्षेप निघाले. ते अगदीच खोटे नाहीत. पण सतरंजी धुता येते. आपण सुशिक्षित आहोत, चार लोकांत आपल्या मंडळाला मान आहे. तो मान कपाटातील शालूसारखा घडी घालून ठेवायचा की कोणाच्या उपयोगी पाडायचा, हे येत्या सर्वसाधारण सभेत आपल्यालाच ठरवायचे आहे. माझे मत वर्गाच्या बाजूने आहे. आठवड्यातून दोन दुपारी शिकविण्यास येण्याची माझी तयारी आहे. आणखी तिघी-चौघी पुढे आल्या, तर दिवाळीनंतर वर्ग सुरू करता येईल.