झोपडीचा उमेदवार : बॅ. नाथ पै

आपल्या बेळगावात रिक्षावाल्याला नाथ पै सर्कल एवढे सांगितले की पुरते. मंडळातल्या नव्या मुलांना ते सर्कल चांगले माहीत आहे. माणूस मात्र फारसा माहीत नाही, असे यंदा वर्गणीला फिरताना आमच्या लक्षात आले. निवडणूक आली की याच मुलांना प्रचाराचे बोलावणे येते आणि झेंडा हातात घेण्याआधी रोज किती, हे ठरते. आम्ही त्यांना दोष देत नाही. दर काढणारे वडीलधारेच असतात. पण एके काळी हे काम घरची भाकरी बांधून करायचे असे. नाथ पैंचे चरित्र सांगायचे तर त्या माणसांपासूनच सांगावे लागते.

नाथांचा जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. शिक्षणासाठी ते बेळगावात आले आणि इथलेच झाले. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. तिकडेच राहते तर मोठे नाव झाले असते. ते परतले आणि १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले.

त्या निवडणुकीत आजच्यासारखी यंत्रे नव्हती, आणि शिक्का मारायची मतपत्रिकाही नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचे आणि मिळालेला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. म्हणजे नाथ पैंचे नाव कितीही गाजले तरी बाईमाणसाला ऐन वेळी झोपडी ओळखता आली पाहिजे. आणि घरात बाईमाणूसच जास्त, कारण कोकणातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत, घर चालायचे मनिऑर्डरीवर. तेव्हा प्रचार म्हणजे वाडीवाडीत जाऊन, खळ्यात बसून झोपडीचे चित्र दाखवणे. रेल्वे नव्हती, खाड्यांवर पूल थोडेच. तरीतून पलीकडे जायचे, घाटी चढायची, पुढच्या वाडीला तेच पुन्हा सांगायचे. सेवादलात वाढलेली मुले, शाळामास्तर, गावचे समाजवादी कार्यकर्ते यांचे हे काम. १९६२ ला पद्धत बदलली. सगळी चिन्हे एकाच कागदावर आली आणि मतदाराने आपल्या चिन्हावर शिक्का मारायचा. दोन चिन्हांवर उमटला की मत बाद. मग कार्यकर्त्यांना झोपडीबरोबर शिक्काही शिकवावा लागला.

नाथ निवडून आले ते १९५७, १९६२ आणि १९६७, तिन्ही वेळा. लोक त्यांच्या वक्तृत्वाचे गुण गातात, आणि ते होतेच तसे. पण आमचे मत असे की नुसत्या भाषणाने सभा भरते, पेटी भरत नाही.

दिल्लीत त्यांनी गोव्याचा, सीमाभागाचा प्रश्न लावून धरला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६० च्या संपात ते पुढे होते. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार गेला, तेव्हा तो परत मिळवण्यासाठी १९६७ मध्ये त्यांनी खासगी विधेयक आणले. ते बरोबर होते की नाही, यावर वकील मंडळी अजून भांडतात. एका विरोधी खासदाराच्या विधेयकावर देशभर वाद झाला, हे मात्र खरे. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच सरकारने घटनादुरुस्ती करून तीच गोष्ट साधली.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली आणि मार्चमध्ये निवडणूक ठरली. नाथांचे हृदय तोवर थकले होते. तरी १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, ते बेळगावच्या सभेत बोलले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावातच हृदयविकाराने ते गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

राजापुरातल्या कार्यकर्त्यांपुढे निवडणूक तशीच उभी होती, उमेदवार नव्हता. पक्षाने प्रा. मधू दंडवते यांना उभे केले. दुखवट्यातच माणसे पुन्हा झोपडीचे चित्र घेऊन वाड्यांवर निघाली. त्या वर्षी देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि प्रजा समाजवादी पक्षाचे अवघे दोन खासदार निवडून आले. त्यांतला एक राजापूरचा होता.